नर करणारी पेंड

"तुम्हीच ना ते, माद्यांचे नर करणारे?"

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी लग्नकार्यात कुणी माझी ओळख करून दिली की हा प्रश्न ठरलेला. जन्मभर मी तळी खोदून घेतली, रोहू-कटल्याचं बीज वाटलं, पाणी हिरवं का होतं आणि पहाटे मासा वर येऊन तोंड का उघडतो हे शेतकऱ्यांना घसा फोडून सांगितलं. ते सगळं गेलं कालव्यात. लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर तो एक प्रयोग. विचारताना लोक डोळेही मिचकावतात, त्याचा मला फार राग येतो. राग माझ्या नाकावरच असतो म्हणा, आमच्या हिला विचारा. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या लग्नात निवांत जेवता येईल.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. कोल्हारजवळ प्रवरेच्या कालव्याकडेला आमचं छोटंसं केंद्र होतं. तीन तळी, काही सिमेंटचे हौद, पत्र्याची एक खोली. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, लग्न व्हायचं होतं, आणि सगळ्या जिल्ह्याला मासे खायला लावायचे असा माझा निश्चय होता. आमच्या स्वतःच्या घरात आई मासळीचं नावसुद्धा घेऊ द्यायची नाही, ती गोष्ट वेगळी.

चिलापी नावाचा मासा तुम्ही बाजारात पाहिला असेल. बाहेरच्या देशातून तो आपल्याकडं आणला तो गरिबाचं अन्न म्हणून. काहीही खातो, कसल्याही पाण्यात जगतो. खोड एकच, पोरवडा. मादी अंडी तोंडात धरते, पिल्लं तोंडातच वाढवते, बाहेर सोडल्यावरही जरा खुट्ट झालं की सगळी पिल्लं परत आईच्या तोंडात. त्या सगळ्या काळात ती बिचारी जवळजवळ उपाशी. खात नाही म्हणून वाढत नाही, आणि एक खेप संपली की दुसरीची तयारी. काही महिन्यांत तळं माशांनी गच्च भरतं आणि मासे सगळे बोटाएवढे! बाजारात कोण विचारतंय त्यांना? नराला यातलं काही नाही. तो खातो, भांडतो आणि जाडजूड होतो.

मग युक्ती काय, तर तळ्यात नुसते नर सोडायचे. ते निवडायला एकेक मासा हातात धरून उलटा करायचा आणि शेपटीच्या अलीकडं बारकाईनं पाहायचं. नराला दोन छिद्रं असतात, मादीला तीन. दिवसभर हे केलं की संध्याकाळी ताटातल्या भाकरीवरसुद्धा छिद्रं दिसायची. एवढं करून चार माद्या चुकून तळ्यात गेल्या की सगळी मेहनत पाण्यात.

आमचे मोठे साहेब वाचणारे होते. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं की, आईच्या तोंडातून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू नर व्हायचं की मादी हे त्याच्या रक्तात ठरलेलं असतं, पण शरीरानं अजून मनावर घेतलेलं नसतं. तेवढ्या काही आठवड्यांत त्याच्या खाण्यात पुरुषाचं हॉर्मोन घातलं, तर मादी व्हायचं पिल्लूही नर होऊन वाढतं. नंतर औषध बंद. मासा ताटात येईपर्यंत त्याच्या अंगात त्याचा मागमूस राहत नाही.

औषध म्हणजे काही जादू नव्हती. पुरुषांच्या दुखण्यासाठी केमिस्टकडं ज्या गोळ्या मिळायच्या त्याच. खलबत्त्यात कुटायच्या, स्पिरिटमध्ये विरघळवायच्या, ते पेंडीवर शिंपडून सावलीत वाळवायचं. पेंडीत शेंगदाण्याची ढेप, भाताचा कोंडा आणि सुकटीची पूड. स्पिरिटच्या परवान्याची चौकशी करायला एक इन्स्पेक्टर आले, त्यांनी हौदात वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "मासे नक्की पितात, का तुम्हीच?" मी रागावलो. ते हसून चहा पिऊन गेले.

पेंड कुटायला आणि चाळायला साळूबाई होत्या. पन्नाशीच्या, उंच, नाकात भली मोठी नथ नाही पण ती असल्यासारखी मान ताठ. जमीनवाल्या घरची बाई. त्या वर्षी पाऊस नव्हता, विहिरीनं तळ गाठला, म्हणून रोजानं कामाला आलेली, आणि ते त्यांना मनातून लागायचं. पहिले काही दिवस सुकटीच्या वासानं नाकाला पदर लावून काम केलं. मग सवय झाली. पिल्लांना पेंड टाकताना "खा गं बायांनो, खा" म्हणायच्या. मी म्हणायचो, "बाया नाहीत त्या, बाप्ये होणारेत." त्या मान उडवायच्या.

पहिल्या खेपेचे मासे ओळखण्याएवढे झाले तेव्हा मी त्यांना हौशीनं बोलावून दाखवलं. साध्या पेंडीच्या हौदात निम्मे नर, निम्म्या माद्या. औषधाच्या हौदात जो उचलावा तो नर. साळूबाई हौदाच्या कठड्यावर टेकल्या.

"म्हंजे ह्यातल्या निम्म्या पोरीच हुत्या?"

"हो."

"अन् आता समदी पोरं?"

"समदी."

"सायेब, तुमच्या हाताला यश हाय," त्या म्हणाल्या.

मी फुगून टुम्म! त्या कशाचा विचार करतायत हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ही बातमी गावोगाव कशी गेली देव जाणे. माणसं यायला लागली. काष्टीकडचा एक पैलवान आला, मांडीएवढे दंड. त्याला पेंड हवी होती, कुस्तीसाठी. मी म्हटलं, "बाबा रे, तू आधीच नर आहेस, आणखी काय होणार?" तो रुसून गेला. घोडेगावच्या बाजारात म्हशींचा धंदा करणारे एक व्यापारी आले, त्यांचं म्हणणं बरोब्बर उलटं. "आमाला असलं नगं. म्हैस याली अन् रेडा झाला की कपाळाला हात. पारडी हुईल असं कायतरी काढा की राव! तुमाला डोक्यावर घिऊन नाचतो." त्यांच्या बरोबरच आलेला दुसरा गडी ते बाजूला झाल्यावर हळूच माझ्या कानाशी लागला. त्याला सुनेसाठी पेंड हवी होती, मुलगा होण्यासाठी. एकाच बैठकीत गोठ्यासाठी मादी मागणारा आणि घरासाठी नर मागणारा! मला तेव्हा नुसतं हसू आलं. आज तितकंसं येत नाही. मी दोघांनाही हाकलून दिलं आणि खोलीला कुलूप लावायला लागलो. पण पेंड कुटणारीच्या हातून पेंड कशी कुलुपात ठेवणार?

दुसरी खेप चालू होती तेव्हाची गोष्ट. साळूबाई पलीकडच्या तळ्यावर गेल्या होत्या. त्यांची सून इंदू दुपारची भाकरी घेऊन आली. तिला दोन मुली होत्या आणि पुन्हा दिवस गेले होते. एरवी ती भाकरी ठेवून मुकाट्यानं जायची. त्या दिवशी दारातच उभी राहिली. पदराची गाठ सोडून तिनं एक लाडू माझ्या टेबलावर ठेवला.

"सायेब, वास घ्या."

गूळ, शेंगदाणा, आणि त्याच्या मागं सुकट.

"कुणी दिला, वहिनी?"

"सासूबाई देत्यात. रोज सकाळी अनशापोटी. ताकदीचा हाय म्हनत्यात. पन त्यांच्या हाताला तुमच्या हौदाचा वास येतो, त्यो म्या वळखते."

"कधीपासून?"

"मागल्या अमुशेपासनं." ती माझ्या तोंडाकडं बघत होती. "पोरगा झाला तर मलाबी पायजेच हाय सायेब. पन माझ्या पोटातल्याला काय हुईल ते सांगा आदी."

माशाच्या पोटात काय होतं ते मला पाठ होतं. बाईच्या पोटातलं मला काय कळतंय? तिला लाडू खायचा बंद करायला सांगितलं आणि तसाच सायकल दामटत तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, गोळ्यांची बाटली फिरवून पाहिली आणि माझी अशी काही खरडपट्टी काढली की बाहेरचे पेशंट आत डोकावायला लागले.

"मुलगा की मुलगी ते गर्भ राहतानाच ठरतं, आणि तेही बापाकडून," त्या म्हणाल्या. "माणूस म्हणजे तुमची चिलापी नव्हे. या औषधानं मुलीचा मुलगा होणार नाही. पोटात मुलगी असेल तर तिचं शरीर मात्र बिघडू शकतं. ना धड मुलगी दिसेल, ना मुलगा. आजच्या आज बंद करा. आतापर्यंत काय झालंय ते बाळ जन्मल्याशिवाय मला सांगता यायचं नाही."

तसाच परत केंद्रावर आलो. साळूबाई बाभळीखाली पेंड चाळत बसल्या होत्या. मी त्यांना डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं सांगितलं. चिडून सांगितलं, मग समजावून सांगितलं, मग हात जोडून सांगितलं. त्यांनी चाळणी थांबवली नाही.

"माश्यात हुतं ते तुमीच दावलं ना मला? का खोटं दावलं?"

"खरं दाखवलं. पण माणसात तसं होत नाही."

"डाक्टरनीला काय ठावं? तिनं कुठं करून बघितलंय?" मग त्यांचा आवाज खाली आला. "सायेब, तुमी लगीन न केल्यालं मानूस. तुमाला काय सांगू? पोरीनंच घर भरलं तर माझा ल्योक दुसरी बायकू करनार हाय. बोलनी बी झाल्यात. म्या सवतीत दिस काढल्यात. पुढ्यातलं ताट वढून घ्येतल्यालं बघितलंय म्या. इंदीवर त्यो वकुत येऊ द्यायचा न्हाई मला."

मी समजत होतो की ही म्हातारी नातवासाठी हपापलीय. तिला सुनेचं घर वाचवायचं होतं.

"उद्यापासून पेंड मिळणार नाही," एवढंच म्हणालो.

"नगा दिऊ. औशदाची रिकामी बाटली हाय माझ्याकडं. ल्योक नगरला जातो, केमिस्टाला दावली की गोळ्याच आनंल. निस्ती पेंड कमी पडती असं मला बी वाटाया लागलंय."

नुसत्या गोळ्या! कुलूप लावून हे थांबणार नव्हतं. शास्त्र सांगून तर मुळीच नाही, ते मघाशीच हरलं होतं. मग माझ्या तोंडून जे निघालं ते ठरवून नाही निघालं.

"साळूबाई, एक गोष्ट मी कुणाला बोललो नाही. हे औषध जास्त झालं की उलटं फिरतं."

चाळणी थांबली.

"उलटं म्हंजे?"

"नराची मादी होते. सुरुवातीला माझा एक हौद असाच गेला. औषध जास्त पडलं आणि सगळ्या माद्या निघाल्या."

"समद्या?"

"समद्या."

त्यांनी चाळणी खाली ठेवली. "अन् जास्त म्हंजे किती?"

"लाडवाएवढं म्हणजे फारच झालं."

त्या उठल्या आणि कामावरून तशाच घरी गेल्या. इंदूनं मला नंतर सांगितलं की त्यांनी लाडवांचा डबा उकिरड्यावर रिकामा केला आणि बाटली दगडानं फोडली. गंमत पाहा, पुढं कैक वर्षांनी मी वाचलं की औषधाचा अतिरेक झाला तर काही माशांत खरोखरच असं उलटं होतं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी आपली थाप ठोकून दिली होती.

पुढचे महिने कसे गेले ते मलाच माहीत. कालव्याला पाणी सोडायचं आवर्तन लांबलं, हौद आटले, दुसरी खेप हातची गेली. मोठ्या साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांना हे असलं काही नको होतं. प्रयोग बारगळला. एरवी मी आकाशपाताळ एक केलं असतं. पण माझं लक्षच नव्हतं. इंदू भाकरी घेऊन आली की मी तिच्याकडं बघायचो आणि मनात म्हणायचो, देवा, मुलगाच असू दे, त्याला तरी काही होणार नाही. मीसुद्धा मुलगाच मागत होतो, बघा.

बाळंतपण दवाखान्यातच करायचं असं मी डॉक्टरीणबाईंकडून वदवून घेतलं होतं. निरोप आला तसा धावत गेलो. त्यांनी मला आत बोलावलं. बाळाला नखशिखांत तपासून झालं होतं.

"मुलगी आहे. सगळं जिथल्या तिथं आहे, अगदी छान आहे," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसल्या. "तुमचं औषध फुकट गेलं हो, साहेब."

माझे डोळे भरून आले. नोकरीत एवढा आनंद मला कुठल्याच यशाचा झाला नाही. बाहेर येऊन पेढे आणले आणि दिसेल त्याच्या हातावर ठेवले. लोकांना काही कळेना. तिसरी मुलगी झाली, ती पण दुसऱ्याच्या घरात, आणि मासेवाला साहेब पेढे वाटतोय!

साळूबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्यापुढं पेढा धरला तर त्यांनी माझा हातच धरला आणि हमसून हमसून रडायला लागल्या.

"पोरगाच हुता सायेब. पोरगाच. म्या माझ्या हातानं फिरवला त्याला."

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा मुलगा आला. पडलेला चेहरा. बाळाकडं न बघताच म्हणाला, "आता तरी माझं ऐकशील का, आये?"

साळूबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि उभ्या राहिल्या.

"काय ऐकू? तिनं पोरगाच दिल्ता तुला. म्या घालवला, माझ्या आगाऊपनानं. इचार ह्या सायेबाला! तिची कायबी चूक न्हाई. घरात सवत आनायची आसंल तर आदी मला भायेर काढ."

मुलगा माझ्याकडं बघायला लागला. इंदूही आतल्या खाटेवरून बघत होती, दार उघडंच होतं.

"होतं असं," मी म्हणालो.

ती सोयरीक मोडली. मी तोंड मिटलं ते मिटलंच, आणि हे लिहितानाही मला त्याचा जराही पश्चात्ताप वाटत नाही.

त्या पोरीचं नाव राजी ठेवलं. साळूबाई तिला खाली ठेवत नव्हत्या. कामावर येताना कडेवर घेऊन यायच्या, हौदातले उरलेसुरले मासे दाखवायच्या. तिला दृष्ट लागू नये म्हणून काजळ, तिला लोकरीची कुंची, तिला पुढं नगरच्या बोर्डिंगात घालून शिकवायचं. तिच्याकडं बघताना बाईच्या चेहऱ्यावर जी माया असायची, ती पाहून मला बरंही वाटायचं आणि कसंनुसंही व्हायचं. ती माया राजीवर नव्हती. न झालेल्या नातवाची भरपाई चालली होती. पण पोर गुटगुटीत होत होती, हसत होती, तिला काय त्याचं?

राजी चालायला लागली त्या सुमाराला माझी बदली झाली. ट्रंक घेऊन फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होतो. इंदू दोन्ही थोरल्या मुलींना घेऊन आली. मुली तिच्या मागं उभ्या राहिल्या. दोघींचे हातपाय काटकुळे, केसांना तेल नाही.

"सायेब, जायच्या आदी सासूबाईला एक सांगता का?"

मला वाटलं, हिला सगळं कळलंय. कधी ना कधी हे येणारच होतं. "सांगतो वहिनी," मी म्हणालो. "खरं काय ते सांगून टाकतो. ते लाडू, ते उलटं फिरणं, सगळी थाप होती माझी."

"आवं, खरं नका सांगू!" ती एकदम घाबरली. "ते मला दवाखान्यातच समाजलं हुतं. तुमचं त्वांड बगूनच." तिनं मुलींकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "घरात एकच शेळी हाय सायेब. दूध निघतं वाटीभर, ते राजीला. ह्या दोगी बघत बसत्यात. परवा थोरली मला इचारती, आये, आदी म्या बी पोरगाच हुते का गं? म्या व्हय म्हनले."

लांबून एसटी येताना दिसत होती.

"सासूबाईला सांगा, ह्या दोगीबी आदी पोरंच हुत्या. म्या तवा ढेप खाल्ली हुती, आमुक खाल्लं हुतं, काय बी सांगा. तुमी सांगितलं की त्यांना पटतं."

गाडी थांबली. कंडक्टरनं घंटी मारली, "चला साहेब, चला." मी त्याला हातानंच पुढं जायला सांगितलं, ट्रंक उचलली आणि त्या तिघींच्या मागून साळूबाईंच्या घराकडं चालायला लागलो.